आधी हात लाव, मग बोल

"थांब! बोलू नको. आदी हात लाव, मंग बोल."

तिच्यासमोर काही चांगलं सांगायला तोंड उघडलं की हे वाक्य यायचंच. पोराला चांगले मार्क मिळाले म्हणा, आईची साखर आटोक्यात आली म्हणा, घरमालकानं यंदा भाडं वाढवलं नाही म्हणा, ती ट्रॅफिक पोलिसासारखा हात वर करून तुम्हाला अडवायची. मग तुमचं मनगट धरून जवळच्या लाकडावर आपटायची आणि म्हणायची, "हां. टचवुड. आता सांग."

तसं टचवुड कोण म्हणत नाही? तुम्ही म्हणता, मी म्हणते, आमच्या सोसायटीचा वॉचमनसुद्धा म्हणतो. पण म्हणताना आपला हात कुठे असतो? मोबाइलवर. आमच्या ऑफिसातली पोरं तर शेजारच्याच्या डोक्यावर टकटक करून मोकळी व्हायची आणि फिदीफिदी हसायची. तिला हे मुळीच खपायचं नाही. "मस्करी नको हां, अंगावर येल," असं ती खरोखरच्या रागानं म्हणायची.

आमचं ऑफिस ऐरोलीला, चकचकीत काचेच्या इमारतीत. परदेशातल्या लोकांचे आजारपणाच्या विम्याचे क्लेम आम्ही तपासायचो. कुणाचा गुडघा फुटला, कुणाचं मूत्रपिंड काढलं, दिवसभर हेच वाचायचं आणि पास-नापास करायचं. आम्ही पास केलेलं ती पुन्हा तपासायची. क्वालिटी तिच्याकडे होती. दिवाळे गावची कोळीण, पन्नाशीला आलेली, अंगावर पंजाबी ड्रेस, गळ्यात आयकार्ड आणि केसात न चुकता गजरा. आवाज असा की ती हळू बोलली तरी पलीकडच्या टीमला कळायचं. आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो आणि ती नसताना टचवुड मॅडम.

त्या एका शब्दातून ती काय काय वाजवायची! मॅनेजर म्हणाला, "इस महीने एक भी एरर नहीं," की ती दात-ओठ खाऊन "टचवुड" म्हणायची. त्याचा अर्थ, बाबा रे, गप्प बस. कुणी सुटीला गावी जाऊन सुखरूप परत आलं की "टऽऽचवुड", लांब श्वास सोडून. त्याचा अर्थ, सुटले बाई एकदाची. आणि एखादा बढाया मारायला लागला की नुसतंच लाकूड वाजवायची, तोंडानं काही बोलायची नाही. तो बिचारा आपोआप खाली बसायचा. एकदा एक नवा मुलगा म्हणाला, "आज सकाळपासून सिस्टिम हँग नाही झाली." तिचा हात पोचायच्या आत सिस्टिम हँग झाली. त्या मुलाला आठवडाभर कुणी धड बोलू दिलं नाही.

मला या सगळ्याची चीड यायची. मी साताऱ्याकडची, वडील मार्केटात माथाडी. आमच्याकडे जे आहे ते तोंडावर बोलून मोकळं व्हायची पद्धत. मी तिला म्हटलं, "ताई, हे इंग्रजांचं खूळ. तुम्ही कशाला डोक्यात घेता?"

"शबूद इंग्रजांचा असंल," ती म्हणाली. "आमचा सासरा होडीत पाय टाकायच्या आदी होडीला हात लावायचा. त्याला कुठं इंग्रजी येत व्हतं? याला टचवुड म्हंतात ह्ये मना हितं येऊन कळलं."

"हात लावल्यानं काय होतं पण?"

"काय व्हत नाय," ती शांतपणे म्हणाली. "पन बोलताना मानूस जरा खाली बघतो. तेवढं बरं असतंय."



तिची खरी अडचण वेगळीच होती. आमच्या ऑफिसात लाकूडच नव्हतं. खुर्च्या प्लॅस्टिकच्या, भिंती काचेच्या, टेबलं दिसायला लाकडी पण वर सनमायका. सुतार दुरुस्तीला आला तेव्हा तिनं त्याला टेबलाची कड खरवडायला लावली. आतून भुसा निघाला. "बगा! भुशाला हात लावून बसलो इतकी वर्सं," ती जाहीर करून मोकळी झाली. तिला फार मोठी फसवणूक झाल्यासारखं वाटलं.

मग तिनं घरून लाकूड आणलं. सासऱ्याची जुनी होडी मोडली तेव्हाचा एक तुकडा, काडेपेटीएवढा, काळपट, कडा गुळगुळीत झालेला. आता आमच्या फ्लोअरचा नियम असा की आत काहीही न्यायचं नाही. फोन नाही, पर्स नाही, पेन नाही, कागदाचा कपटा नाही. लोकांची खासगी माहिती असते ना. सगळं बाहेर लॉकरमध्ये. दारावरच्या गार्डनं तिला अडवलं.

"मॅडम, ये क्या है?"

"लकडी."

"किसलिए?"

"टच करने के लिए."

त्यानं तो तुकडा उलटसुलट पाहिला, कानाशी हलवून पाहिला, आत पेनड्राइव्ह तर नाही ना म्हणून. मग सुपरवायझरला बोलावलं. सुपरवायझरनंही हलवून पाहिला आणि नाही म्हणाला. ती परत गेली. दुसऱ्या दिवशी त्या तुकड्याला भोक पाडून, कडी घालून, त्यात लॉकरची चावी अडकवून आली. चावी आत न्यायला परवानगी होती आणि चावीला कीचेन असू नये असं कुठे म्हटलं नव्हतं. गार्ड हसला आणि बाजूला झाला. त्या दिवसापासून तो तुकडा आमच्या फ्लोअरचा झाला. अप्रेझलला जाणारा, व्हिसाच्या मुलाखतीला जाणारा, पोरीच्या घरी बोलणी करायला जाणारा, जो तो तिच्या टेबलाशी यायचा. हात लाव, मग बोल.

आता माझं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मला आधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आत सगळं संपलं होतं. पहिल्या वेळी मी आनंदाच्या भरात गावभर सांगून बसले. मग त्या प्रत्येकाला पुन्हा फोन. दुःखापेक्षा ते फोन जड गेले. लोक म्हणायचे, "होईल गं, अजून वय आहे," आणि मला फोन भिंतीवर फेकावासा वाटायचा. म्हणून तिसऱ्या वेळी मी आणि नवऱ्यानं ठरवलं, कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. सासूलासुद्धा नाही. पोटात बाळ आणि ओठाला कुलूप, असे ते दिवस चालले होते.

पण कामाचं काय? आम्हाला क्लेम गटागटानं वाटून द्यायचे. माझ्याकडे बाळंतपणाचे होते, कारण ते किचकट आणि अनुभवी माणसाचं काम. तुम्हाला वाटेल, बाळंतपण म्हणजे पेढे आणि बारसं. किचकट म्हणून माझ्याकडे यायची ती न झालेली बाळंतपणं. रोज सकाळी लॉगिन करायचं आणि पहिलंच पान उघडलं की कुणाचं तरी काहीतरी संपलेलं. मी वाचायचे, पास करायचे आणि वॉशरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारायचे. डबा तसाच परत न्यायचे. मला हे वाचवत नाही, असं कुणाला सांगणार? सांगायचं तर कारण सांगावं लागणार होतं.

एका सोमवारी लॉगिन केलं आणि माझ्यासमोर दात आले. एक क्लेम दाताचा, दुसरा दाताचा, तिसरा कवळीचा. बाळंतपणाचा अख्खा गट माझ्या नावावरून गेला होता. दात म्हणजे आमच्याकडे नव्या पोरांना शिकायला देतात ते काम. शेजारची पोरगी म्हणाली, "अगं, तू दातवाली कधी झालीस?" माझं डोकंच फिरलं. चौकशी केली तर कळलं, ताईंनी मॅनेजरला सांगून बदल करून घेतला आणि माझा गट स्वतःकडे घेतला.

मी तिला लिफ्टच्या पॅसेजमध्ये गाठलं.

"ताई, माझं काम चुकतंय का?"

"नाय."

"मग मला खाली का उतरवलंत? माझी तक्रार होती तर माझ्या तोंडावर सांगायची. पाठीमागून कसले उद्योग?"

माझा आवाज चढत गेला. इतकी वर्षं काम केलं, कधी एक एरर नाही, आणि आता कवळ्या मोजायला बसवलं, असं बरंच काही मी बोलले. येणारे-जाणारे बघत होते. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग कीचेन मुठीत धरलं, एक क्षण माझ्या पोटाकडे पाहिलं आणि नजर वर घेतली.

"दात बघ गो बाय," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा इतकी हळू. "दातानं कोन मरत नाय."

आणि लिफ्टमध्ये शिरली.

मग मला एकेक आठवलं. मी मशीनची कॉफी सोडली होती, जिना सोडून लिफ्टनं यायला लागले होते, बसताना नकळत पोटावर हात ठेवत होते. घरात सासूला कळलं नाही ते हिला कळलं होतं. आणि कळूनही तिनं एका शब्दानं विचारलं नव्हतं. रोज कुणाचं तरी संपलेलं आता ती वाचत होती, माझ्याऐवजी. मी वॉशरूममध्ये जाऊन मनसोक्त रडले, बाहेर आले आणि सात कवळ्या पास केल्या. त्या दुपारी डबा पूर्ण संपला.

त्यानंतरही आमच्यात त्याबद्दल बोलणं नाही. माझ्या टेबलावरून जाताना ती कीचेनवर बोट वाजवायची, टक टक, आणि पुढे जायची. एवढंच. पाचवा महिना लागल्यावर मी सगळ्यांना सांगितलं. अभिनंदनाचा गलका झाला. ती गर्दीत मागे उभी राहून सगळ्यांवर ओरडत होती, "हळू! हळू बोला! आदी हात लावा मेल्यांनो!" आणि अख्खी टीम रांगेनं तिच्या चावीला हात लावत होती.

सातव्या महिन्यात एका दुपारी तिच्या टेबलाशी जाऊन मी म्हटलं, "ताई, सकाळपासून हललं नाही हो."

तिनं समोरचा क्लेम अर्ध्यात सोडला. त्या वेळी लाकूडबिकूड काही नाही. उठली, लॉकर उघडून दोघींच्या पर्स काढल्या आणि मला धरून खाली घेऊन आली. मॅनेजरला सांगितलं नाही. तिचा कॉम्प्युटर तसाच उघडा राहिला. आमच्याकडे स्क्रीन लॉक न करता उठणं ही मोठी चूक, आणि ती चूक पकडण्याचंच काम तिचं. तिनं आजवर त्यापायी किती जणांचे गुण कापले असतील. त्या दिवशी तिची स्क्रीन तासन्‌तास उघडी होती आणि पुढे तिला रीतसर ताकीदही मिळाली. "मिळू दे," ती म्हणाली. "लोनचं घालीन त्याचं."

टॅक्सीत ठाणे-बेलापूर रस्त्याला लागलो तेव्हा तिनं खिसा चाचपला, पर्स उलटी केली, पुन्हा खिसा चाचपला.

"मेली चावी लॉकरलाच राहिली!"

मी पोट धरून बसले होते. ती माझा हात धरून बसली होती आणि दुसरा हात टॅक्सीच्या दाराला, सीटला, काचेला लावून बघत होती. सगळं रेक्झिन आणि पत्रा. तोंडानं मात्र सुरमईचे भाव, शेजारणीचं भांडण, जावयाचं नाक, वाटेल ते बोलत होती. माझं लक्ष पोटात होतं, पण तिचा आवाज थांबला असता तर मी किंचाळले असते, एवढं नक्की.

नेरूळच्या हॉस्पिटलात मला आत घेतलं. दार लोटलेलं होतं, बाहेरचं ऐकू येत होतं. खुर्च्या सरकत होत्या. मग दारावर ठोकल्याचा आवाज आणि तिचं पुटपुटणं, "पोकळ हाय." नर्स ओरडली, "बाई, दार कशाला वाजवता?" मग पुन्हा तिचा आवाज, "बाबा, ही काठी लाकडाची हाय ना?"

"हो. का?"

"द्या जरा."

"अहो, मला लागते ती!"

"तुमी धरा वरनं. मी खालनं धरते."

डॉक्टरीणबाईंनी पोटावर थंड जेल लावलं आणि यंत्र टेकवलं. खरखर झाली. मी छताकडे बघत होते. आधी दोनदा मी अशीच छताकडे बघत होते आणि दोन्ही वेळा डॉक्टर गप्प झाल्या होत्या. यंत्र इकडं सरकलं, तिकडं सरकलं. आणि एकदम ठोका आला. धडधड, धडधड, धडधड, गाडी सुटल्यासारखा. बाईंनी आवाज मोठा केला आणि म्हणाल्या, "झोपली होती हो स्वारी. उठली आता. बघा, लाथ मारतंय."

मारली होती. मला लागली होती. काय सांगू तुम्हाला, असं हायसं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. मी हसत होते आणि डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं.

बाहेर आले तर बाकावर एक म्हातारबाबा बसलेले, हातात काठी. काठीचं खालचं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरून ताई त्यांच्या पायाशी फरशीवर बसलेली, डोळे मिटून. मी म्हटलं, "ताई, सगळं ठीक आहे." तिनं डोळे उघडले, पण काठी सोडली नाही. "टऽऽचवुड," ती म्हणाली. मग काठी सोडली आणि ओढणीत तोंड खुपसून ढसाढसा रडली.

बाबा मला म्हणाले, "तुमच्या आईनं मला मगापासून बाथरूमलाही जाऊ दिलं नाही बघा."

मी त्यांना दुरुस्त केलं नाही. तिनंही नाही.

मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. नवऱ्यानं तिला मेसेज केला तेव्हा ती फ्लोअरवर होती, फोन लॉकरमध्ये. ब्रेकमध्ये तिचं उत्तर आलं, शब्द एकही नाही. मुठीत धरलेल्या लाकडाचा फोटो.

बारशाला ती आमच्या घणसोलीच्या घरी आली. सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन. पाळण्यात वाकून पाहिलं आणि सगळ्या बायकांदेखत म्हणाली, "काय खास नाय गो. नाक बसकं हाय." माझ्या सासूबाईंच्या कपाळावर आठी उमटली. मग दोघींची नजरानजर झाली, सासूबाईंच्या काय ते लक्षात आलं आणि त्या हसून म्हणाल्या, "नाही ना खास? मलाही तेच वाटतं." आणि आत जाऊन काजळाची डबी घेऊन आल्या. गालावर तीट लावून झाली, तशी ताई पाळण्याची दांडी वाजवून म्हणाली, "स्टीलचा? कमाल हाय तुमची." तिनं पर्समधून कीचेन काढलं, चावी सोडवली आणि तो तुकडा पाळण्याला बांधला.

"अहो ताई, तुम्हाला लागेल ना!"

"माज्याकडं होडी हाय," ती तोऱ्यात म्हणाली.

रजा संपवून मी कामावर गेले तेव्हा तिची खुर्ची रिकामी होती. आमचं निम्मं काम कंपनीनं दुसऱ्या शहरात नेलं होतं. तिला तिकडे चल म्हणाले, तिनं नाही सांगितलं. नवऱ्याची होडी, सासूची मासळी, गाव सोडून कोण जाणार? आता ती दिवाळ्याहून आसपासच्या सोसायट्यांना मासळी पोचवते. तिच्या जागी आलेली मुलगी फार हुशार आहे. परवा म्हणाली, "या आठवड्यात झीरो एरर, टचवुड," आणि स्वतःच्या डोक्यावर टिचकी मारली. माझं तोंड उघडलं आणि आतून आवाज आला तो माझा नव्हताच. "थांब! मस्करी नको." ती पोरगी माझ्याकडे बघतच राहिली.

होडीचं मला नंतर कळलं. त्यांची नवी होडी फायबरची आहे. घरही नवं बांधलंय, खाली ग्रॅनाइट, दारं-खिडक्या ॲल्युमिनियमच्या. म्हणजे होता नव्हता तो तुकडा तिनं माझ्या पोरीला देऊन टाकला आणि वर तोरा केला. मी परत द्यायचं बोलले तर फोनवर अशी बरसली की विचारू नका.

अजून फोन येतो. काल रविवारी आला.

"पोर कशी हाय?"

"ताई, अहो, काल ना ती—"

"थांब! बोलू नको!"

मग मला फोनमधून तिची चप्पल ऐकू येते. दार उघडतं. कुत्रं भुंकतं. ती कुणाला तरी विचारते, "तुजा पाट कुठं हाय गो? दे जरा." शेजारीण म्हणते, परवाच तर नेला होतास. मी फोन कानाला धरून थांबते. समोर पाळण्याला लटकलेला तुकडा आहे, त्याला माझं बोट लागलेलं आहे. पोरगी टीव्हीच्या टेबलाला धरून उभी आहे, हात सोडू की नको या विचारात.

पलीकडून आवाज येतो. टक, टक.

"हां. लागला हात," ती धापा टाकत म्हणते. "आता सांग. किती पावलं चालली?"